कुरडईतली गोळी

मला कुणाचाबी आवाज काढता येतो. कंडक्टर, कीर्तनकार, मीटर रीडिंगवाला, प्रेशर कुकर. कुकर तर असा काढतो की आमची आई दोनदा गॅस बंद करायला उठली हाय. पण एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी सेमिनारचा विषय दिला आन् माझा सोताचाच आवाज बसला. विषय व्हता, माणसाच्या पेशीत निरोप पोचवणाऱ्या एका एन्झाईमची स्फटिकरचना.

"सर, याच्यापेक्षा सोपा न्हाई का एखादा?"

"होते की. सगळे सोपे वेळेवर येणाऱ्यांनी नेले."

आता मी वेळेवर कसा येणार? कॉलेज अंबाजोगाईला, घर केजच्या अलीकडं, आन् मधी एसटी. त्या एसटीतच मी त्या एन्झाईमवरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, वाचायचो. पहिल्या चार दिवसांत एवढंच कळलं की हे एन्झाईम डोळ्यानं तर सोडाच, साध्या सूक्ष्मदर्शकातबी दिसत न्हाई. म्हणून लोक ते भरपूर तयार करतात, शुद्ध करतात, आन् एका थेंबात ठिवून वाट बघत बसतात. कशाची? तर खडीसाखरेवानी त्याचे खडे धरायची. खडा धरला की त्याच्यावर एक्सरे सोडायचे, ते कुठं कुठं फाकतात ते टिपायचं, आन् त्यावरून गणितानं एकेक अणू कुठं बसलाय ते काढायचं. कधी कधी म्हणं महिनोन्‌महिने वाट बघून खडा निघतो, आन् तो निघतो साध्या मिठाचा. हे वाचून मला त्या लोकांबद्दल लई आपुलकी वाटली.

पेपरात एक चित्र व्हतं. रंगीत फितींचा गुंता, आन् गुंत्याच्या बरोबर मधी एक बारकं औषध बसलेलं. त्याचं नाव तोंडात बसंना, म्हणून मी ते सोडून दिलं.

मग आला रविवार. दुपारी मी शेंगदाणे हुडकायला डब्यात हात घातला, तर हाताला लागल्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या. अख्ख्या. एकबी गोळी काढलेली न्हाई.

आईला गेल्या वर्षी रक्ताचा आजार निघाला. कॅन्सरच, पण आमच्या घरात तो शब्द कुणी काढत न्हाई. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ऐकंनात, वाढायल्याच वाढायल्या. अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली, आन् तेवढ्यावर ती गडी माणसावानी कामाला लागली. तीच ही गोळी.

"आई, ह्या गोळ्या शेंगदाण्यात काय करायल्यात?"

"भाजायच्या राहिल्यात."

आमच्या घरात नकलाकार मी, पण टोला हाणणं तिचं.

बरंच उकरल्यावर कळलं ते असं. मामाच्या पोरीचं लग्न व्हतं. गोळीनं सकाळी डोळे सुजायचे. "फोटूत काय डोळं आलेल्या म्हशीवानी उभी राहू?" म्हणून तिनं लग्नाच्या चार दिवस आधी गोळी बंद केली.

"लग्न होऊन तीन आठवडे झाले, आई."

"मग? बरं वाटायलंय की मला. परवा नारायणगडाला दर्शनाच्या रांगेत दिवसभर उभी व्हते, दम लागला का? बरं झाल्याल्या माणसानं गोळी कावून खायची?"

मी पट्टी उलटी केली. पुढं कंपनीनं दिलेलं मोठं नाव, ते मला पाठ. मागं बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव, ते मी वर्षभरात एकदाबी वाचलं नव्हतं. आता वाचलं. पेपरातल्या चित्रात मधोमध बसलेलं, तेच. आन् त्याच पेपराच्या शेवटच्या पानावर लिहिलं व्हतं की पेशी मोकाट वाढल्या तर कधी कधी एन्झाईमच्या साखळीतली एखादी कडी बदलती, आन् औषधाला बसायची जागाच राहत न्हाई. मग ती गोळी कितीबी खा.

मला घाबरल्यावर एकच धंदा येतो. शेजाऱ्याचा फोन मागून घेतला, आमच्या माळवदावर चढलो, आन् डॉक्टरांच्या आवाजात आईला फोन लावला. डॉक्टर नाकात बोलतात आन् दर वाक्याला 'बरं का' म्हणतात.

"नमस्कार. गोळी चालू आहे ना? बंद करायची नाही, बरं का. फार धोक्याचं असतं, बरं का."

"हां साहेब. चुकलं साहेब. घेते साहेब."

इतकं झ्याक चाललंतं की मलाच चेव आला. "आणि पाणी भरपूर पीत जा, आई."

पलीकडून आवाज आला, "डॉक्टरसाहेब, खाली या. भाकर गार व्हायली."

डॉक्टर तिला 'मावशी' म्हणतात.

खाली गेलो तर ती तव्याकडं बघत बसलेली. माझ्याकडं न बघता म्हणली, "आईच्या जिवाचीबी नक्कलच सुचती व्हय रे तुला?"

मी खाली बसलो, मोबाईल काढला आन् चित्र तिच्यापुढं धरलं.

"कुरडई?"

"एन्झाईम. तुझ्या रक्तातलं."

तिनं पदराला हात पुसून चष्मा चढवला. "माझ्यातलं? मग इचारलं कुणी? परस्पर फोटू काढत्यात?"

"तुझ्यावानीच दुसऱ्याचं. सगळ्यांचं सारखंच असतं. हा कारकून समज. ह्याचं काम निस्ता शिक्का मारायचं. ह्यानं शिक्का मारला की पेशीला निरोप जातो, वाढा म्हणून. चांगल्या माणसात ह्यो हात आखडून बसतो, वरून सांगितलं तरच मारतो. तुझ्यात ह्याच्या पाठीला चुकून दुसराच तुकडा चिकटलाय. त्यामुळं ह्याचा हातच थांबत न्हाई."

बोलता बोलता मी कधी कारकून झालो कळलंच न्हाई. गालात पान, चष्मा नाकावर, आन् पिठाच्या डब्यावर ठप, ठप, ठप. वाढा. वाढा. पुढचा या. आईनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हालायले व्हते.

"आन् गोळी काय करती?"

"शाईचं पॅड ठिवायच्या जागी जाऊन बसती. ते बी ह्याचा हात आखडलेला बघून. मग पॅडबी आत येत न्हाई आन् हातबी उघडत न्हाई."

"एकदा बसली म्हणजे बसली की. रोज कावून?"

"डिंकानं चिकटवली न्हाई ना. सुटती, अंगातून निघून जाती. नवी आली न्हाई तर जागा रिकामी. तुला बरं वाटायलंय ते कारकून मेला म्हणून न्हाई, आई. त्याचा हात अडकलाता म्हणून. आन् आता पंचवीस दिवस झाले, जागा रिकामी हाय."

तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं.

"ही मधली? बारकी?"

"हीच."

"लई अवघडून बसलीया गं बाई."

मग तिनं भाकर खाल्ली, पट्टी फोडली, गोळी घेतली आन् वर तांब्याभर पाणी प्याली. कडी बदलायचं मी तिला सांगितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी खऱ्या डॉक्टरांकडं गेलो. पेशी वाढल्या व्हत्या. डॉक्टर आवाज न चढवता बोलले, ते जास्त लागलं. गोळी परत लागू पडती का ते आठवड्यानं रक्त तपासून बघू म्हणले. डोळ्याच्या सुजेवर वेगळं औषध दिलं.

सेमिनार त्याच आठवड्यात आला. शेवटच्या पानावर आलो आन् सरांनी नेमकं तेच इचारलं, "जागेचा आकार बदलला तर?" सगळी पोरं बघायलीत, आता ह्यो काय नक्कल करतो म्हणून. मी म्हणलो, "तर गोळी बसत नाही, सर." आन् खाली बसलो.

आठवडा झाला. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला, पान उलटलं, परत पहिलं पान काढलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघायलो. आईला तेवढाबी धीर निघाला न्हाई.

"साहेब, जागा रिकामी व्हती तेवढ्यात लई शिक्के बसले का?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"कसले शिक्के, मावशी? पेशी वाढल्या होत्या, त्या आता उतरायला लागल्यात, बरं का. गोळी लागू पडतीय."

"म्हणजे बसली?"

"बसली म्हणा."

आईनं पिशवी उचलली, पट्टी आत हाय का ते वरनं चाचपून बघितलं आन् म्हणली, "मग आता न्हाई उठवत तिला."