मुखरूभाऊंची फुली

मुखरूभाऊ बत्तीस वर्षं भूमिगत कोळसा खाणीत ड्रेसर होते; छत धड आहे का ते तपासायचं काम. डाव्या हाताचा पंजा छताला टेकवायचा, उजव्या हातातल्या सब्बलीनं ठोकत पुढं जायचं. टणक वाजलं तर छत धड. भदभद वाजलं, पंज्याला थरथर लागली, की तिथं खडूची मोठी फुली. त्या फुलीखाली साहेबही उभा राहत नसे.

खाण बंद झाली. रिकाम्या बोगद्यांत वाळू भरली, असं कागदावर आहे. त्या बोगद्यांच्याच डोक्यावर वस्ती वसली, नि वस्तीत भाऊंचं घर. पलीकडच्या लोखंडाच्या कारखान्याची काजळी रोज वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

यंदा भिंतीला भेग पडली तशी भाऊंनी जुनी सब्बल काढली. अडचण एकच होती. सुरुंगांनी कान गेलेले; मोठ्यानं बोललेलं तेवढं कळे, बारीक आवाज नाही. नात दिव्यानीच्या खाटेजवळ त्यांनी फरशी ठोकली नि बायकोला विचारलं, "शकू, कशी वाजली?"

शकुबाई तांदूळ निवडत होती. ती मोठ्यानं म्हणाली, "चांगली वाजली. रिटायर होऊन बारा वर्सं झाले, आता घरात काऊन ड्युटी करून राह्यले?"

पण भाऊंचा पंजा फरशीवर होता. थरथर पार कोपरापर्यंत आली होती.

ते खाणीच्या कार्यालयात गेले. तिथला सर्व्हेवाला भला पोरगा; मशीन घेऊन घरी आला. "आबाजी, मशीन ठीक म्हणते."

"तुह्या मशीनले हात हाय का?"

तो हसला नि सही घेऊन गेला.

"दुसरीकडं जाऊ," भाऊ म्हणाले.

"कुठी?" शकुबाई म्हणाली. "जागेचा पट्टा नाई आपल्याजवळ. घर पडल्यावर नुकसानीचा अर्ज घेतो म्हणते थे ऑफिसातले लोकं. पडायच्या आधी नाई."

 भाऊंनी दिव्यानीची खाट दाराशी ओढली आणि रिकाम्या जागी खडूनं फुली काढली. सकाळी पोछा मारताना शकुबाईनं ती पुसली. त्यांनी पुन्हा काढली, तिनं पुन्हा पुसली. आठवडाभर हेच. "पोरगी भेते ना," ती म्हणायची.

रविवारी भाऊ उठले तेव्हा फरशी ओली होती. फुली मात्र कोरडी, जशीच्या तशी. पोछा तिच्या कडेकडेनं फिरला होता.

शकुबाईनं चहा आणला, तोही फुलीला वळसा घालून.