आदी मी

पनवेलच्या बाजारात दोर आणि मासेमारीची जाळी विकणारे एक काका आहेत. डोंगरावर झाडांना बांधून झोपायला मला दोरीची हलकी झोळी हवी होती, म्हणून मी लागोपाठ तीन रविवार त्यांच्याकडे खेटे घातले. दर वेळी ते मला खालून वर न्याहाळत आणि विचारत, "वजन किती हाय?" मग सुताची जाडजूड झोळी पुढे करत. ती पाठीवर घेऊन चढायचं म्हणजे आणखी एक माणूसच वाहून नेण्यासारखं.

तिसऱ्या रविवारी मी वैतागून म्हटलं, "काका, ही नायलॉनची बारीकच द्या. पडलो तर मी पडेन ना."

"तुमी नाय. आदी मी," म्हणत त्यांनी ती दुकानाच्या दोन खांबांना बांधली आणि साठीतला तो भारदस्त माणूस आत बसला. टोकाची गाठ सुटली आणि ते धपकन फरशीवर आदळले. मी दिलेला हात त्यांनी घेतला नाही. कंबर चोळत त्यांनी दोन्ही टोकांच्या गाठी सोडून नव्यानं घातल्या. त्यात तासभर गेला. मी सारखा घड्याळ बघत होतो.

शेवटी झोळी घ्यायला मी हात पुढे केला, तर ते "थांबा" म्हणाले आणि पुन्हा स्वतःच तिच्यात बसले.