पत्त्यावर नसलेलं भोक

भुताखेताचं कुनी सांगाय लागलं की मी उठून भांडी घासाय जायची. आमच्या वळसंगला अशा गोष्टी लई चालायच्या. चिंचंखाली हे दिसलं, हिरीवर ते दिसलं... मला कदी कायबी दिसलं न्हाई. दिवसभर राबून आलेल्या मानसाला काय दिसतंय? पाठ टेकली की झोप. आजबी माझा इश्वास न्हाई, आदीच सांगते. पन हे एक झालं, आन माझ्या हातातनं झालं, म्हनून सांगतीय. मला लिवाय येत न्हाई, दुसरीत शाळा सुटली. जुळे सोलापुरात नातीकडं असते, तीच फोनात लिवून घेतीय.

साल पंच्याहत्तर न्हाईतर शहात्तर असंल. त्याच्या आदी दोन-तीन वरसं गावात प्यायला पानी न्हवतं, तवा आमी दोघं तान्ही पोरगी घिऊन सोलापुरात आलो. पूर्व भागात चादरीचा एक कारखाना. पत्र्याचा, सा मागांचा. मागं एक खोली, तीच आमाला राहाय दिली. ह्यांनी आदी कांड्यांवर सूत भरलं, मग झाडलोट, मग माग शिकले. चांगली दोन वरसं गेली तवा स्वतःचा माग मिळाला. मिळाला म्हंजी चालवाय. वाऱ्याकडचा, दाराजवळचा. ह्यांना लई कौतुक त्याचं.

आता हे काम कसं असतंय ते सांगते, न्हाईतर फुडचं कळायचं न्हाई. मागाच्या डोक्यावर जाकार्ड असतंय. त्यात पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरती. पत्त्यावर भोकं. भोक असंल तितं सुई आत जाती आन खालचा दोरा वर उचलतोय. भोक न्हाई तितं दोरा खालीच. एक पत्ता म्हंजी चादरीतली एक वळ. असे आठशे पत्ते फिरले की फूल, पान, काठ, समदं आपसूक उतरतंय. मागाला काय करायचं ते त्या माळंनं सांगायचं. मानूस फकस्त धोट्यावर नजर ठिवून. धोटा म्हंजी सुताची कांडी पोटात घिऊन इकडनं तिकडं पळनारं लाकूड.

पत्ते पाडायचे नरसय्यामामा. म्हातारं मानूस, घरात तेलगू, आमच्याशी मराठी. चौकटीच्या कागदावर आदी नकाशा रंगवायचा आन तो बघून एकेक भोक पाडायचं. आन ते पत्ते वळीनं लावून दोऱ्यानं शिवायचे, ते माझं काम. पत्त्यावर आकडे असायचे, पन शंभराच्या म्होरं माझी गाडी अडायची. मग मी अंगठा फिरवायची. एका पत्त्याची भोकं दुसऱ्यावर कशी सरकत जात्यात ते अंगठ्याला कळायचं. कदी चुकलं न्हाई. मामा म्हनायचे, "नीकू डोळे कशाला पाहिजेत गं, अम्मा?"

मामांची एक सवय व्हती. कुटलीबी चादर असू दे, खालच्या डाव्या कोपऱ्यात, काठाच्या आत, एक ठिपका सोडायचे. ज्वारीच्या दान्याएवढा. एका पत्त्यावर एक जादा भोक, बस्स. लेकराच्या गालाला तीट लावतो तसं. त्यांच्या बापानं हातमागावर तसंच केलेलं. कुनी कदी इचारलं न्हाई, गिऱ्हाइकाला दिसायचाबी न्हाई.

आन मग मुंबईचा एक व्यापारी आला. सात रस्त्याच्या लॉजवर उतरलेला. त्याला आमची फुलाची लाल चादर आवडली, पन मदलं फूल काढून त्याच्या दुकानाची समई पायजे व्हती. कारखान्याच्या शेठनी सॅम्पल पसरलं. त्यानं चष्मा लावून समदी चादर बघितली आन नेमकं त्या ठिपक्यावर बोट ठिवलं.

"हा डाग कसला?"

शेठ हसले. "डाग नाही, तीट आहे. आमच्यात सोडतात."

"मला बिनडागाची पाहिजे. पहिल्या वीस चादरींत एक जरी असा निघाला तर ऑर्डर परत."

तो गेल्यावर शेठनी ह्यांना बोलावलं. "बघ, ही ऑर्डर तुझ्या मागावर लावतोय. पास झाली तर वर्षभर काम. नाही झाली तर तुझा माग बंद करतो, मला सहा चालवणं झेपत नाही. मग तुमचं तुम्ही बघा."

आमचं आमी काय बघनार? गावात हीर कोरडी, घराचं छप्पर बसलेलं. ह्यांनी "व्हय जी" म्हनलं आन खोलीत येऊन उगंच पोरीला मांडीवर घिऊन बसले.

मामांनी नवा नकाशा रंगवला. फूल काढलं, समई घातली, ठिपका काढला. आठशे पत्ते नव्यानं पाडले. जुन्यातला एकबी वापरला न्हाई, हे धेनात ठिवा. मी शिवले. पाच दिवस लागले. माळ चढवली, माग चालू झाला. समई लई झ्याक उतरली, ज्योतीसकट. हे हसाय लागले. चादर खाली आली, काठ आला...

कोपऱ्यात ठिपका.

लाल चादरीवर पांढरा दाना. तितंच.

शेठ ओरडले मामांवर. मामांनी नकाशा म्होरं धरला. "चूडंडी! कुठं आहे? नेनु चेयलेदु, मी नाही केलं." नकाशावर ती चौकट कोरी व्हती. मग बोलनी खाल्ली मी. मी म्हनलं, जुनी माळ जशीच्या तशी शिवलेली टांगलीय, सुट्टा जुना पत्ता माझ्याकडं न्हाईच.

कारखान्यात जॉबर म्हनून महबूबभाई व्हते, मशीन दुरुस्त करायचे. दख्खनी बोलायचे. त्यांचं साधं गनित... उभा दोष असंल तर सुईचा न्हाईतर दोऱ्याचा, आडवा असंल तर पत्त्याचा. हा उभाबी न्हाई, आडवाबी न्हाई, नुसता ठिपका. म्हंजी एका पत्त्यावरचं एक भोक. वळी मोजून त्यांनी तो पत्ता काढला. उजेडाला धरला. त्या जागंला पुठ्ठा सपाट, बंद.

"भाभी, कार्ड साफ हय, सुई सीधी हय, फिर ये कां से आरा?"

सुई बदलली. ठिपका आला. दोरा उचलनारा लोखंडी आकडा बदलला. आला. मामांनी तो एकच पत्ता परत पाडला, महबूबभाईंनी डोळ्यादेखत तपासला, मी माळंत घातला. आला. शेवटी समदी माळ उतरवून पलीकडच्या मागावर चढवली. तितंबी आला! आन ह्यांच्या मागावर जुनी फुलाची माळ घातली तर ती तिच्या ठिपक्यासकट बरूबर चालली. म्हंजी माग बरा, सुया बऱ्या, नकाशा बरा, पत्ता बरा. आन चादर चुकीची.

चौथ्या दिवशी सकाळी मी माळ उतरवून खोलीत घिऊन बसले. म्हनलं समदी उसवते, परत शिवते. अंगठा फिरवत चालले. त्या पत्त्यावर आले... आन अंगठ्याला भोक लागलं.

डोळ्यानं बघितलं, बंद. अंगठा ठिवला, भोक. काठ लागत व्हते गोल. मी डोळे मिटून तीनदा फिरवला, उघडून तीनदा. मग मामांना बोलावलं.

"लावा अंगठा."

त्यांनी लावला. "लेदम्मा. काही नाही."

महबूबभाईंनी लावला. "कुछ नई भाभी. तुम थक गए, सोओ थोडा."

हे आले, त्यांनीबी लावला. म्हनले, "तुला काय झालंय का? शेठम्होरं हे बोलू नगंस, येडी म्हनत्याल."

मी न्हाई बोलले. थकले तर व्हतेच की. रातच्याला पोरगी रडायची, दिवसा पत्ते. पन थकलेल्या मानसाला भोक लागतंय आन चादरीत नेमकं तितंच ठिपका येतोय? त्याचं काय?

परत समदी माळ शिवली. तीन दिवस. ठिपका आला. शेठनी चादरींचा ढीग लाथंनं ढकलला. "शनिवारी त्यांचा माणूस चेकिंगला येणार. तोपर्यंत झालं तर झालं." आन ह्यांना म्हनले, "गावाकडं शेळ्या राखायला येतात ना तुला?" समदे हसले. हे बी हसले. जेवाय बसले तवा अर्ध्या भाकरीवर उठले.

शनिवार उजाडला. सात वाजता माग चालू झाला. मी कांड्या भरत बसलेली. अर्ध्या तासात महबूबभाईंची आरोळी, "आया नई! नई आया!" समदे धावले. कोपरा लाल, कोरा. दुसरी चादर, कोरी. तिसरी, कोरी. कुनी काय केलं व्हतं? कुनीच काय न्हाई. कालची माळ, कालच्या सुया. शेठनी पेढे आनाय धाडलं. मामांनी दोनी हात जोडले, पन त्यांचं तोंड हसत न्हवतं. मी बघितलं.

माग थांबवून ह्यांनी कांडी बदलली तेवढ्यात मी शिडीवर चढले आन त्या पत्त्यावर अंगठा ठिवला. सपाट. भोक गेलेलं.

मला लई वंगाळ वाटलं. का, ते आजबी सांगता याचं न्हाई. खाली उतरले आन ह्यांच्या कानाशी गेले. सा मागांचा आवाज, ओरडल्याबिगर ऐकू येत न्हाई.

"उठा जरा! आज दुसऱ्या कुनाला बसू द्या!"

"काय?"

"उठा म्हनते! त्यो ठिपका गेलाय!"

"गेला ते बरं झालं की! त्याच्यासाठीच मेलो आठ दिवस!"

"माझं ऐका..."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग न्हवता. "आज उठलो तर उद्या बसाय मिळंल का, सांग?" म्हनले. "जा, पोरगी रडतीय."

पोरगी खरंच रडत व्हती. मी गेले.

दुपार कलल्यावर चेकिंगवाला आला. वीसच्या वीस चादरी उजेडाला धरून बघितल्या. पास. त्यो रिक्षात बसून गेला असंल-नसंल, तवर धोटा उडला. धोटा उडतोय कदीमदी, मागावर बसनाऱ्या समद्यांना ठावं असतंय, खांद्याला लागतो, भिंतीला लागतो. ह्यांच्या डाव्या डोळ्याला लागला. मी खोलीतनं आले तवा हे खाली बसलेले, हातानं तोंड झाकलेलं, आन माग तसाच चाललेला. महबूबभाईंनी पट्टा वडून बंद केला.

सिव्हिलला नेलं. डोळा वाचला न्हाई.

शेठ शब्दाला जागले, ते सांगाय पायजे. माग काढून घेतला न्हाई. दोन म्हैनं दुसऱ्याकडनं चालवून घेतला आन मग ह्यांना परत बसवलं. बसायच्या आदल्या दिवशी मी मामांकडं गेले. म्हनलं, "ते भोक पाडा." मामा म्हनले, शेठ काय म्हनतील? मी म्हनलं, शेठचं मी बघते. त्यांनी आरी घेतली आन माझ्याम्होरं, त्या पत्त्यावर, त्या जागंला भोक पाडलं. ह्या टायमाला खरं भोक. उजेडाला धरलं तर पल्याडची खिडकी दिसली त्यातनं.

माळ चढवली. महबूबभाई शिडीवर, मी खाली. तो पत्ता आला, सुई भोकात गेली, दोरा उचलला. मी माझ्या डोळ्यानं बघितला उचलताना. चादर उतरली.

ठिपका न्हाई.

महबूबभाई खाली उतरले, चादर हातात घिऊन उलटी केली, सुलटी केली. मग घडी घालून ढिगावर ठिवली. त्यांनी परत कदी तो विषय काढला न्हाई, मामांनीबी न्हाई. ती ऑर्डर वरीसभर चालली, माळ फाटंस्तोवर. एकदाबी ठिपका आला न्हाई, भोक असताना.

माझी नात मशीनींच्या आत प्रोग्राम बसवायचं काम करती. ती म्हनली, "आज्जी, आमच्यातबी असं व्हतंय. काढून टाकलेलं कुठंतरी शिल्लक राहतंय, मग आमी शोधत बसतो." मी म्हनलं, कुटं राहतंय? ती म्हनली, मेमरीत. बाई, पुठ्ठा व्हता तो. आन चल, राहिलं असंल. मग त्याच शनिवारी का गेलं? आन खरं भोक पाडल्यावर का आलं न्हाई? तिनं तेबी फोनात लिवून घेतलं.

ह्यांनी त्या एका डोळ्यावर म्होरं लई वरसं माग चालवला. दोन पोरी उजवल्या. मला कदी बोलले न्हाईत. एकदाच, लई उशिरा, मी म्हनलं की त्या दिवशी तुमाला हाताला धरून वडाय पायजे व्हतं. तर म्हनले, "वडलं असतंस तर मी उठलो असतो गं. मग माग गेला असता." आन कूस बदलून झोपले.

डोळ्याचं कारन मला ठावं हाय, धोटा उडला. ठिपक्याचं कारन आजवर कुनी सांगितलं न्हाई. अजूनबी कुटं चादर बघितली की अंगठा कोपऱ्याकडं जातो, आन मी मागं घेते.