पुस्तकाशी भांडणाऱ्या तुळजाबाई

मंडळी, आज एग्मोरला आपल्या चेन्नईच्या मराठी वाचनगटाच्या बैठकीला गेले, ती गट बंद करते असं सांगायलाच. खरंच दमले आहे. गटावर कादंबरी सुचवा नाहीतर सामाजिक इतिहास, उत्तर एकच येतं, 'छान!' आणि खाली अंगठा.

आले दोघंच. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून थेट आलेला निखिल आणि तंजावरकडच्या तुळजाबाई. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण शाळा तमिळ असल्यानं त्यांना देवनागरी वाचता येत नाही. त्या नुसत्या ऐकायला येतात, असं मी धरून चालले होते.

जुन्या काळच्या बाळंतपणांवरच्या पुस्तकाचा विषय निघाला. निखिल म्हणाला, "ताई, मला विचारू नका. मी फक्त कंपनीच्या बसमधून या आजींना फोनवर वाचून दाखवलं. रोज भांडायच्या!"

"भांडू नको तर काय रे, कण्णा?" तुळजाबाई लाडानं म्हणाल्या. "सगळं पुस्तक रडकं! आमच्या बाळंतिणीच्या खोलीत बायका किती हसायच्या. बाहेरून सासरे ओरडायचे. ते कुठं लिहिलंय त्यात?" मग माझ्याकडे वळल्या. "पुढचं पुस्तक कुठलं, अम्मा?"

कुणालातरी देऊन टाकायला म्हणून गटाची पुस्तकं पिशवीत भरून आणली होती. त्यातली एक कादंबरी मी निखिलच्या हातात ठेवली. सांगायचं ते राहूनच गेलं.

थकवा काही गेलेला नाही. पण खरं सांगा, नुसतं 'छान' लिहिता, तेव्हा पुस्तकाशी झालेलं तुमचं भांडण कुठे ठेवता?