सूप कोणाचं?

रेडिओमावशीवर अन्याय झाला तो आमच्या आळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी, गौरीजेवणाच्या दुपारी, पंचवटीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या सभागृहात. वेळ नेमकी सांगतो. "कधी? कुठे? कोण होतं समोर?" एवढं विचारल्याशिवाय मावशी देवाचंही ऐकत नसे.

तिचं रेडिओदुरुस्तीचं दुकान भाजीबाजाराच्या मागच्या बोळात. घरमालकांविरुद्धचं आमचं भाडेकरूंचं पत्रक घेऊन मी गेलो, तर तिने आधी ते उलटं केलं.

"छापखान्याचं नाव कुठंय?"

"घाईत राहिलं, मावशी."

"मग हे घरमालकांनीच छापलं नसेल कशावरून? जा, नाव घालून आण."

गिऱ्हाइकाचा रेडिओही ती त्याच्यासमोरच उघडायची. "बघून घे. उद्या म्हणशील, मावशीने आतलं काढलं."

भाच्याने परदेशातून टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणला, तेव्हा तिने त्याच्याकडेही असंच बघितलं. पण गेम कॅसेटवरून चढायचा, आणि कॅसेट म्हणजे मावशीचं माहेर. शिकली. बटणं मात्र तिला पटेनात. "बोटांनी खेळायचं ते काय खेळणं?" तिने घरातलं सूप घेतलं, त्याला खालून पितळी पट्ट्या, सायकलचे छर्रे आणि वायर बसवली, आणि त्यावर स्वतःचा गेम रचला. सूप झटकलं की टीव्हीवर दाणे उडायचे. नीट झेललं तर फोलपटं पुढे पडायची, दाणे मागे राहायचे. आळीतल्या बायका रांग लावून पाखडायच्या.

"अगं, यातले खडे कसे काढायचे?"

"ते निवडणं झालं, बये. त्याला दुसरा गेम!"

आणि संशय होताच, म्हणून गेममध्ये तिने एक खूण दडवली. सूप चाळणीसारखं आडवं हलवलं, की दाणे नाहीसे व्हायचे आणि ठिपके जुळवून काढलेली अक्षरं उमटायची: सूप कोणाचं? "पाखडणारी बाई असं हलवणार नाही," मावशी म्हणायची. "चोर हलवेल."

संस्थेचे एक सर प्रदर्शनासाठी सूप आणि कॅसेट मागायला आले. "ताई, श्रेय तुमचंच." मावशीने कधी, कुठे, कोण, सगळं विचारलं. पाटीवर काय लिहिणार, तेवढं विचारायचं राहिलं.

पाटीवर नाव सरांचं. पाहुण्यांसमोर त्यांनी ऐटीत सूप उचललं आणि रव्याची चाळण हलवावी तसं हलवलं. पडद्यावर प्रश्न आला. हशा पिकला. मागून मावशी ओरडली, "माझं!"

"तांत्रिक बिघाड आहे," सर म्हणाले आणि टीव्ही बंद केला. "त्या बाईंना कुणीतरी बाहेर न्या."

प्रदर्शनाचं सूप वाजलं. मावशीचं सूप मात्र परत आलं नाही. तीनदा गेली, तिन्ही वेळा "सर वर्गावर आहेत."

पुढे दुकान बंद करून ती मनमाडला भावाकडे निघाली. स्टँडवर मी पिशवी धरून उभा.

"मनमाडचीच ना? नक्की?"

"मावशी, पाटी वाचा की," कंडक्टर म्हणाला.

"पाट्या वाचल्यात मी, बाळा. तू तोंडाने सांग."

मनमाडहून मागच्या महिन्यात ती गेल्याची बातमीच आली. या लेखाखाली छापखान्याचं नाव घातलंय, मावशी.

संस्थेत ते सूप दर गणपतीत मांडतात. पाटीही तीच. वाचकहो, या वेळी जा. सूप हातात घ्या, मुद्दाम आडवं हलवा. पडद्यावर प्रश्न येईल. ते टीव्ही बंद करायच्या आत, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं उत्तर द्या.