आडवं खोकं

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला शहाणपण शिकवायला नको. भुतं, भानामती, अंगारे-धुपारे यातलं काहीही मी आयुष्यात मानलं नाही. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांना हसते. तरी आज लिहायला बसलेय... कारण हे ज्यांना सांगावं अशी माणसं आता उरलेली नाहीत.

साधारण चौऱ्याऐंशी साल असेल. मी मूळची कराडची, बिनलग्नाची. रत्नागिरीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून नोकरी लागली आणि औषधांचं स्टोअर माझ्या ताब्यात आलं. मागच्या अंगाला जांभ्याच्या भिंतींची एक लांबट खोली, वर कौलं, एकच खिडकी — तिलाही गज आणि जाळी. भिंतीला मांडण्या, कोपऱ्यात घरघरणारा जुना फ्रिज. किल्ली एकच, ती माझ्या कमरेला. आलेला माल लावायचा, नवा मागे, जुना पुढे, संपत आला की मागवायचा, एवढंच काम.

माणसं वाईट नव्हती हो, पण मी त्यांच्यातली नव्हते. माझ्या बोलण्याला हसायची, 'घाटावरची बाई' म्हणायची. आणि माझा स्वभाव असा की कोणी हसलं की मी दार लावून घेणार. डबासुद्धा स्टोअरमध्येच खायचे, स्टुलावर बसून, खोक्यांकडे बघत. रविवारी तर दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा नाही.

पावसाळ्यात ते सुरू झालं. सकाळी कुलूप काढलं तर रांगेतलं एकच खोकं आडवं. खोकल्याच्या औषधाचं. पडलेलं नव्हे — नीट, हातानं ठेवल्यासारखं. झाडणाऱ्या मावशींवर मी भरपूर तोंडसुख घेतलं, आणि मग आठवलं की किल्ली तर माझ्याकडे! खोकं उभं केलं. काही दिवसांनी दुसरं आडवं, मलमाचं. उंदीर म्हणावा तर उंदीर कुरतडेल, खोकं असं अलगद आडवं कशाला ठेवेल?

शेवटी सावंत सिस्टरना विचारलं. त्या वॉर्डाच्या मुख्य, तिथल्या फार जुन्या.

"ती केळसकर भाऊंची खूण गो," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधी स्टोअर त्यांच्याकडे होतं. माल मागवायचा झाला की खोकं आडवं करून ठेवायचे. पण तुला हे कोणी सांगितलंन?"

कोणीच नव्हतं सांगितलं. सगळे 'भाऊ होते तेव्हा...' असंच बोलायचे, त्यामुळे भाऊ वारले असणार असं मी धरून चालले होते.

म्हणजे मी घाबरायला हवं होतं, नाही का? पण खरं सांगते, मला बरं वाटायला लागलं. सकाळी कुलूप काढताना मी विचारायचे, काय भाऊ, आज काय मागवू? जे आडवं दिसेल ते मागवायचे, आणि त्याच औषधाला थोड्या दिवसांत हमखास उठाव यायचा. त्या अख्ख्या गावात माझ्याशी आपणहून बोलणारं तेवढंच काहीतरी होतं.

मग भातकापणी आली. त्या दिवसांत फुरसं चावल्याच्या केसेस फार. लोक सापाचं नाव घेत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. त्यावरचं इंजेक्शन फ्रिजमध्ये असायचं आणि मी ते भरपूर मागवून ठेवलं होतं. एका सकाळी फ्रिज उघडला तर त्याचंच खोकं आडवं. मला हसू आलं. म्हटलं, भाऊ, आज चुकलात, हे ढीगभर आहे. उभं केलं. दुसऱ्या दिवशी परत आडवं. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत! आता मात्र माझं डोकं फिरलं. ताडकन सील तोडलं आणि एक बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

नितळ असायचं औषध गढूळ झालं होतं. आत पांढरे कण तरंगत होते. दुसरी बाटली तशीच. सगळ्या तशाच. 'नवा माल मागे' या शिस्तीत ती खोकी फ्रिजच्या मागच्या बर्फाला टेकली होती आणि औषध गोठून बाद झालं होतं. वरून सील शाबूत, मोजदाद बरोबर... कुणाला कळणार होतं? आपण तेच टोचत बसलो असतो आणि माणूस डोळ्यांदेखत गेला असता.

बाटली घेऊन तडक डॉक्टरांकडे गेले. आधी ते वैतागले, मग बाटली बघून सगळा साठा बाद करायला सांगितला. गावात पुरेसं इंजेक्शन कुठेच मिळेना. कोल्हापूरला ट्रंक कॉल लावला, आणि दुसऱ्या दिवशी तिथून एसटीनं, बर्फ भरलेल्या थर्मासमधून औषध निघालं.

ती एसटी स्टँडवर गेलीच नाही. तडक आमच्या फाटकात आली. कंडक्टर थर्मास घेऊन उतरला आणि त्याच्यामागून लोकांनी एका बाईला उचलून उतरवलं. पालीच्या आतल्या कुठल्याशा वाडीतली, कापणी करताना पान लागलेलं. हिरड्यांतून रक्त येत होतं. नवरा मुंबईला, लेक शेजारणीकडे टाकलेली. पालीला तिला गाडीत घातलं तेव्हा तिचं औषध त्याच गाडीत, ड्रायव्हरच्या पायाशी होतं.

ती वाचली. मी स्टोअरमध्ये जाऊन पोटभर रडले.

मग सिस्टरना म्हटलं, भाऊंच्या घरच्यांना एकदा भेटून यावंसं वाटतंय.

"घरच्यांना कशाला?" त्या म्हणाल्या. "भाऊंनाच भेट की. आंजर्ल्याला असतात, मुलाकडे."

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा.

पुढच्या सुट्टीला गेले. दापोलीवरून हर्णै, तिथून होडीनं खाडी ओलांडून आंजर्लं. भाऊ ओटीवर खाटेवर पडून होते. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. सून भली होती, बोलायला माणूस मिळाल्यासारखी बोलत सुटली. म्हणाली, मामंजी पावसाळ्यापासून उशाकडच्या औषधांच्या बाटल्या डाव्या हातानं आडव्या करून ठेवतात. मी उभ्या करायच्या, त्यांनी परत आडव्या. मध्यंतरी, कापणीच्या दिवसांत, तर एकच बाटली धरून बसले होते, सोडायलाच तयार नाहीत.

मी खाटेशी बसले. म्हटलं, भाऊ, रत्नागिरीहून आलेय, आपल्या स्टोअरमधून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ वाकडे हलले. फार वेळ लागला, पण शब्द स्पष्ट आले.

"बाई... वाचली?"

सून दारातून धावत खाटेशी आली. आजारी पडल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"वाचली, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी डाव्या हातानं उशाकडची आडवी बाटली सावकाश उभी केली आणि डोळे मिटून घेतले. पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले.

त्या घरात फोन नव्हता. आमच्याकडचं कोणी तिकडे फिरकलं नव्हतं, मी खोदून खोदून विचारलं. खाटेवरून न उठणारा माणूस इतक्या लांबून माझ्या कुलूपबंद खोलीत कसा येत होता, हे मला आजवर उमगलेलं नाही. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं, मी भांडणार नाही.

आंजर्ल्याहून परतल्यावर स्टोअरमध्ये एकही खोकं आडवं झालं नाही. सुटले एकदाची, असं वाटायला हवं होतं. उलट सकाळी त्या सरळ रांगा बघवायच्या नाहीत. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. एका संध्याकाळी घरी निघताना मीच एक खोकं आडवं करून ठेवलं, कसलं ते आता आठवत नाही. सकाळी येऊन बघितलं तर ते तसंच होतं. मग माझ्याच हातानं सरळ करून ठेवलं.