दोन घरांचा एक फोन

परभणीत आमच्या घरी फोन आला तो दोन घरांनी मिळून घेतलेला. भिंतीला भिंत लागून राहणारे काका आणि आमचे वडील यांनी एकत्र अर्ज केला होता. नंबर लागायला काही वर्षं गेली. लागला तेव्हा मुख्य यंत्र आमच्या बैठकीत बसलं आणि त्याच तारेचा एक फाटा भिंतीला भोक पाडून काकांच्या घरात गेला. घंटा दोन्हीकडे एकदमच वाजायची. जो जवळ असेल त्याने उचलायचा, दुसऱ्या घरचा निघाला तर भिंतीवर दोन थापा मारायच्या आणि आपला रिसीव्हर ठेवून द्यायचा. पुढे वडील गेले, काका गेले, पण हा नियम तसाच राहिला. पलीकडे काकू एकट्याच उरल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा आखातात कामाला होता. त्याचा शेवटचा फोन आदल्या वर्षीच्या दसऱ्याला आलेला.

मी हे लिहितो आहे ते विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वर्षाचं. जानेवारीतला बंदोबस्त उठून, एसट्या सुरळीत होऊन बरेच महिने झाले होते. पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता औषधापेक्षा माणसं जवळ असू द्या. मी पुण्याला धाकट्या भावाला कळवलं.

तो एका संशोधन संस्थेत संगणकावर काम करायचा. आला तो एका खांद्यावर कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर काळी बॅग घेऊन. बॅगेत संस्थेचा लॅपटॉप होता. आमच्या गल्लीत तोवर तसली वस्तू कोणी पाहिली नव्हती. आईजवळ बसून त्याने तिचा डावा हात हातात घेतला. तिने त्याला ओळखलं. झटक्यानंतर ती कोणाच्याही हाताने धड जेवत नव्हती, ओठ मिटून घ्यायची. त्या दिवशी त्याच्या हातून वाटीभर पेज तिने खाल्ली. माझी बायको दारात उभी होती, ती म्हणाली, "भावजी, तुमी आता जाऊ नका."

"जायचं नाहीच वहिनी," तो म्हणाला, "पण ते या पेटीवर हाय."

मग त्याने मला समजावून सांगितलं. त्याच्या साहेबांनी परवानगी दिली होती, पण एका अटीवर. रोज फोनच्या तारेवरून पुण्याच्या मोठ्या संगणकाशी जोडून घ्यायचं, तिथलं काम उचलायचं आणि केलेलं काम परत पाठवायचं. जमलं तर आई आहे तोवर परभणीत राहा. दसऱ्यापर्यंत जमलं नाही तर परत या, नाहीतर दुसरा माणूस नेमावा लागेल.

तारेवरून जोडून देणारं मोडेम म्हणजे खेळायच्या पत्त्याच्या आकाराचं एक कार्ड होतं. ते लॅपटॉपच्या कडेला आत सरकवायचं. अडचण अशी की लॅपटॉपवर यंत्र चालवणारी नेहमीची विकतची प्रणाली नव्हती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि कोणालाही फुकट घेता येणारी नवी प्रणाली होती. तिचा आतला सगळा मजकूर उघडा असायचा, वाचा आणि पाहिजे तर बदला. आता अशा प्रणालीला मुक्त प्रणाली म्हणतात. ती त्याने फ्लॉपींवरून चढवली होती. संस्थेचं सगळं काम तिच्यावरच चालायचं, म्हणून बदलण्याचा प्रश्न नव्हता. पण ते कार्ड तिला ओळखता येत नव्हतं. कार्डाशी कसं बोलायचं हे प्रणालीला सांगणाऱ्या मजकुराला ड्रायव्हर म्हणतात, आणि या कार्डाचा ड्रायव्हर अजून कोणी नीट लिहिलेला नव्हता.

मी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात होतो. येलदरी धरणाची पातळी रोज सकाळी बिनतारीवरून आमच्याकडे यायची, ती उतरवून, कालच्या आकड्याशी ताडून पुढे पाठवायची, हे माझं काम. आकडा आला नाही तर रकाना मोकळा ठेवायचा. अंदाजाने भरायचा नाही. म्हणून भाऊ काय करतो आहे हे मला बरंचसं कळायचं. तो म्हणाला, "दादा, यंत्रातल्या प्रत्येक भागाला एक नंबर असतो. काम असलं की तो भाग त्या नंबरानं हाक मारतो. हे कार्ड जो नंबर मागायलंय तो आधीच दुसऱ्याकडे हाय."

"मग याला मोकळा नंबर दे."

"तेच करायलोय. पण तो मजकूर बदलला की सगळी प्रणाली नव्यानं बांधावी लागते."

आणि त्या बांधणीला अख्खी दुपार जायची. मधेच वीज गेली की लॅपटॉपची जुनी बॅटरी थोडा वेळ दम धरायची आणि मग पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून. तो आईच्या खाटेजवळ चौरंगावर यंत्र ठेवून काम करायचा. एका हाताने अक्षरं बडवायची आणि दुसऱ्या हाताने आईच्या तोंडावरच्या माश्या वारायच्या. काकू दुपारी आईला बघायला यायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "तुझी माय बोलंना, तुझी पेटी बोलंना. आधी कोन बोलतंय बघू आता." आईच्या तोंडाची डावी बाजू हलली. ती हसत होती असं आम्ही धरलं.

शेवटी कार्डाला मोकळा नंबर मिळाला आणि फोनची तार त्याला जोडली. आमच्या एक्स्चेंजला बटणांचे सूर कळत नसत, चकतीच्या फोनसारखे ठोके द्यावे लागत. तेही त्याने मोडेमला शिकवलं. पहाटे पाचला पुण्याची लाइन लवकर मिळायची आणि दरही कमी असायचा, म्हणून ती वेळ ठरली. मोडेमने टकटक करत नंबर फिरवला. पलीकडून शिट्टी आली, इकडून किरकिर गेली, आणि पडद्यावर पुण्याच्या संगणकाने नाव विचारलं. भावाने माझा दंड इतका आवळला की दुखला.

पण ते टिकलं नाही. चार ओळी नीट आल्या आणि मग पडद्यावर कचरा सांडला. कंस, आकडे, तिरप्या रेघा, कुठल्याच भाषेतली नाहीत अशी अक्षरं. क्षणात जोडणी तुटली.

दुसऱ्या पहाटे तेच, तिसऱ्या पहाटेही तेच. भावाला वाटलं चूक ड्रायव्हरमध्येच आहे. कार्ड भराभर हाका मारत असेल आणि आपला मजकूर त्यातल्या काही ऐकत नसेल. तो पुन्हा लिहायचा, पुन्हा दुपारभर बांधायचा, पुन्हा पहाटे कचरा. गणपती बसले. महालक्ष्म्यांच्या दिवसांत मात्र अचानक सगळं सुरळीत झालं. सलग दोन पहाटे काम गेलं आणि आलं. भावाने साहेबांना फोन करून सांगितलंसुद्धा की जमलं. पुढच्या पहाटे पुन्हा कचरा आला. त्याने लॅपटॉप मिटला आणि आईच्या पायथ्याशी जाऊन बसला.

मला त्या दोन दिवसांनी छळलं. दोन दिवस बरोबर आणि बाकीचे चूक, म्हणजे त्या दोन दिवसांत काहीतरी वेगळं होतं. वीज? हवा? ड्रायव्हर तर त्याने त्या दिवसांत बदललाच नव्हता.

उत्तर मिळालं ते अगदी सहज. एका पहाटे बायको म्हणाली, "काकूंकडं विरजण मागून आणता का? त्या उठलेल्या असतात." भाऊ नंबर लावायला बसला होता. मी वाटी घेऊन पलीकडे गेलो. काकूंचं दार उघडंच असे. देवापुढचं निरांजन लावून त्या उठत होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. तेवढ्यात त्यांच्या फोनची घंटा अर्धवट वाजली. पुरी नव्हे, नुसती टिंग, टिंग, टिंग. आमच्या मोडेमचे ठोके. घंटा थांबली तरी त्या भिंतीला धरत फोनपर्यंत गेल्या, रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि मोठ्याने म्हणाल्या, "बोल बाबा. ऐकायलेय मी. लय शिट्टी मारायलीय रे लाइन. तू बरा हायस ना? जेवलास का?"

मी वाटी घेऊन दारात उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि मला पाहिलं.

"गेला," त्या म्हणाल्या. "आखाताचा फोन असाच असतो. आधी नुसता टिंगटिंग करतो, मग शिट्ट्या, मग तुटतो. रोज पहाटे करायलाय बघ तो. महालक्ष्म्यांला मी बोरीला भावाकडं गेले, तवाच चुकला असंल."

विरजण घेऊन मी घरी आलो. भाऊ म्हणाला, "दादा, बघ. परत आला कचरा." पडद्यावर अडीच ओळींचा कचरा होता. मी तो पुष्कळ वेळ पाहत राहिलो. कुठली अक्षरं 'बरा हायस ना'ची आणि कुठली 'जेवलास का'ची, हे त्यातून काढता येत नव्हतं.

मी भावाला सांगितलं. त्याने तोंडावर दोन्ही हात धरले. मग म्हणाला, "म्हणजे ड्रायव्हर बरोबर होता."

दसरा जवळ आला होता. काकूंकडची तार पहाटे तासभर तोडायची, एवढंच करायचं होतं. पण फोन निम्मा काकूंचा होता, त्यांना विचारल्याशिवाय तोडणं मला पटलं नसतं. संध्याकाळी मी गेलो आणि जसं आहे तसं सांगितलं. रोज पहाटेचा तो आवाज त्याचा नाही, आमच्या पेटीचा आहे. त्या ऐकत राहिल्या. चेहऱ्यावर फारसं काही दिसलं नाही. पदराचं टोक मात्र बोटाला गुंडाळत राहिल्या.

"रोजचाच तुमचा व्हता?"

"हो काकू."

"आन् आता काय करायचंय म्हनतोस?"

"पहाटे तासभर तुमच्याकडची तार काढून ठेवायची. बाकी दिवसभर फोन चालूच. त्याचा आला तर वाजेल."

"आन् त्याच तासात आला तर?"

मी हिशोब सांगितला. आपल्याकडे पाच वाजतात तेव्हा तिकडे साडेतीन. त्या वेळी कोण फोन करतो?

"तशाच वक्ताला आठवन येती रे मानसाला," काकू म्हणाल्या.

मी उठून आलो आणि भावाला सांगितलं की तार तोडायची नाही. त्याने कपाटावरून कपड्यांची पिशवी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या त्या पदराखाली काहीतरी झाकून. आईच्या खाटेवर बसल्या. पदर काढला तर त्यांचा फोन होता, काळा, जड, तार गुंडाळलेली. काढून देणाऱ्या वायरमनलाही त्यांनीच बोलावलं होतं.

"काकू, तासापुरतंच म्हणलो होतो," मी म्हणालो.

"समोर असला की हात जातोच. ठेव तुज्याकडं." मग आईच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "हिचं लेकरू घरी हाय, ते तरी ऱ्हाऊ दे. वाजला तर भिंतीवर थाप मारा म्हंजे झालं."

तेव्हापासून जोडणी एकदाही तुटली नाही. पहाटे शिट्टी वाजायची, आई डोळे तिकडे वळवायची, भावाच्या ओळी पुण्याला जायच्या. मग यंत्र मिटून तो तिचं तोंड धुवायचा, पेज भरवायचा. दिवसभरात फोन वाजला की मी किंवा बायको धावत उचलायचो. कधी कार्यालयाचा, कधी चुडाव्याहून मामांचा, आईची चौकशी करायला. भिंतीवर थाप मारायची वेळ आली नाही. ज्या दिवशी फोन वाजायचा त्या दिवशी काकू थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून यायच्या आणि न विचारता जायच्या.

दिवाळी आई पाहू शकली नाही. आदल्या आठवड्यात, सकाळी, भावाने भरवलेला घास तोंडात तसाच राहिला. तिचं डोकं त्याच्या हातावर होतं. त्यासाठीच तो राहिला होता, आणि ते त्याला मिळालं.

तेराव्यानंतर तो लॅपटॉप घेऊन पुण्याला गेला. मी वायरमनला बोलावून काकूंचा फोन परत जोडला. घंटा वाजते का हे पाहायला एक्स्चेंजमधून वाजवून घेतली. काकूंनी यंत्र पुसलं, खालचा विणलेला रुमाल सरळ केला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या तासात आला असंल का रे?"

हा प्रश्न माझ्या मनात त्या सगळ्या दिवसांत होता. आपण केलेल्या फोनची नोंद बिलात मिळते. लाइन गुंतलेली असताना कोणी फिरवून पाहिलं आणि ठेवून दिलं, तर ते कुठेच उतरत नाही. ना आमच्या यंत्रात, ना त्या लॅपटॉपमध्ये, ना एक्स्चेंजमध्ये. मी तसंच सांगितलं.

"काकू, ते कळायला मार्ग नाही. आला नाही असंही म्हणता येत नाही."

"म्हंजे आला बी असंल."

"असेलही."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या.

पुढे त्या गल्लीत सांगायच्या की त्या दिवाळीच्या आधी पोराचा रोज पहाटे फोन यायचा, पण यांची लाइन मोकळी नसायची. बायकोला ते लागायचं. ती म्हणायची, तुम्ही एकदा खरं काय ते सांगा ना. पण खरं काय हे मला ठाऊक नव्हतं, आणि तो रकाना मी भरला नाही. काकू गेल्या तोवर त्या फोनवर त्यांच्यासाठी आखातातून घंटा वाजली नाही. निदान लाइन मोकळी असताना तरी नाही.